एकतीस खाचांची काठी

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे कणंगं, जमिनीतनं खणलेले ते कंद, साफ करणं. पौष महिना होता, दुपार कलली होती. अंगणात गोणपाट पसरलं होतं, मध्ये मातीनं माखलेल्या कणंगांचा ढीग. माझी बायको यसू शिंपल्यानं माती खरवडायची आणि माझ्याकडं ढकलायची. खायची कुठली आणि बियाणाची कुठली, हे मी वेगळं करायचं. घरात हे काम दरवर्षी आम्हीच करायचो, सुना-पोरांना हात लावू द्यायचो नाही. हात चालायला लागले की आमची तोंडं चालायची, आणि तोंडं चालली की बोलणं फिरून फिरून एकाच जागी यायचं. तिचा बाप मोठा की माझा भाऊ मोठा? खेळात म्हणतोय मी. आता पोरं क्रिकेट म्हणतात, आमच्या वेळेला चेंडूफळी म्हणायचे. तिचा बाप भिकू एका काळात फळी घेऊन उभा राहिला, माझा थोरला भाऊ नागू अण्णा त्याच्यानंतर वीसेक वर्षांनी. दोघं समोरासमोर कधी आले नाहीत. म्हणून तर हे भांडण इतकं टिकलं.

“आमच्या बाबाचा चेंडू वेळूच्या मुळाचा,” यसू म्हणाली. “लागला तर हाड मोडायचं. तुमच्या अण्णाला साहेबाचा कातडी चेंडू. उशीवाणी मऊ.”

“ती उशी तुज्या डोक्यात घालून बघू काय?”

“घाला की. पर आधी मोजा. बाबानं एकतीसच्या एकतीस पळून काढल्यात. तुमच्या अण्णाच्या त्रेचाळीसात फुकटच्या किती?”

“त्रेचाळीस ते त्रेचाळीस. वरच्या खुंटीला कुणाची काठी हाय बघ की मान वर करून.”

“मान वर करून करून मान मोडली माजी,” ती म्हणाली, आणि शिंपलं खाली ठेवून खरंच वर बघितलं. उघड्या दारातून आतल्या भिंतीवरच्या दोन्ही काठ्या दिसत होत्या, धुरानं काळ्या झालेल्या. “उद्या सकाळी दोन्ही खाली काढा. मला एक बघायचं हाय.”

“काय बघायचं?”

“उद्या सांगते. आता उजेड न्हाई.”

मग ती उठली, कणंगांची बुट्टी आत ठेवली, उंबऱ्यावर येऊन बसली आणि म्हणाली, जरा पाणी द्या. मी तांब्या घेऊन आलो तोवर तिची मान दाराच्या चौकटीला टेकली होती. दिवे लागायचे होते अजून. त्या रात्रीचं मला काही लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते दुसरंच. या भांडणाचा निकाल माझ्याजवळ होता. लग्नाच्या आधीपासून होता. तिचा बाप मोठा हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि उभ्या जन्मात मी तिला ते सांगितलं नाही. मी दोन बुकं शिकलेला माणूस. गोड करून सांगायला मला येत नाही, म्हणून जसं झालं तसं लिहितो.

आमचं घर कुंभारवाड्याच्या अलीकडं, रानात. चार घरांची वाडी. मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, मागं न्हाणीचा दगड आणि तिथनंच रान सुरू. सकाळी धनेश पाखरं वरून गेली की त्यांच्या पंखांचा आवाज घरात ऐकू यायचा, भाता ओढल्यासारखा. आई तेव्हा चुलीपुढं असायची. पेज, वर मीठ, आणि थंडीच्या दिवसांत निखाऱ्यात भाजलेलं कणंग. तांबड्या मुंग्यांची चटणी आई अशी वाटायची की डोळ्यांतनं पाणी यायचं आणि तरी हात पुढं व्हायचा. बाप लवकर गेला. अण्णा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, घर त्याच्यावर. भाताची कापणी झाली की वाडीतले सगळे गडी लाकडाच्या कामाला लागायचे. रानात ओंडके पाडायचे, बैलगाडीवर चढवायचे आणि खाली डेपोला न्यायचे. दिवसभर चाकांचा करकराट. तो आवाज थांबला की आई पेज ढवळायची थांबायची आणि कान द्यायची. उतारावर गाडी उलटली की आधी करकर थांबते, ओरडणं मागनं येतं.

चेंडूफळी आम्हाला त्या डेपोनं दिली. फार मागं तिथं कुणी एक साहेब मुक्कामाला होता, त्याला खेळायला माणसं पाहिजेत म्हणून त्यानं गाडीवानांना उभं केलं. साहेब गेला, खेळ राहिला. त्याचा चेंडू काळी नदीत गेल्यावर गाडीवानांनी वेळूचं मूळ खणून, कोयत्यानं गोल करून चेंडू बनवला. फळी शिवणीच्या लाकडाची. बायका हसायच्या, म्हणायच्या, धुणं धुवायचं धोपाटणं घेऊन गडी कुठं निघाले! कापणी झालेल्या शेतात, शिगम्याच्या आधी एकदा, वाडीवाले एकीकडं आणि डेपोवाले एकीकडं. मोजणारा बांधावर बसायचा, हातात वेळूची हिरवी काठी आणि कोयता. धाव निघाली की काठीला खाच. सगळ्यात जास्त खाचा ज्याच्या, त्याला ती काठी मिळायची. घरात टांगायची, आणि एका घरात दोन काठ्या झाल्या तर जास्त खाचांची वर. असा नेम होता. कुणी घातला मला माहीत नाही.

भिकूला मी बघितला तो मी लहान असताना. गाडीखाली सापडून तो गेला, यसू तेव्हा पाच-सहा वर्षांची. त्याच्या बरोबरीचे बहुतेक गडी पुढं हिवतापाच्या साथीत गेले. राहिली ती एकतीस खाचांची काठी, यसूच्या आईनं कापडात गुंडाळून ठेवलेली. मग अण्णाचा काळ आला. तोवर डेपोला नवा साहेब, कातडी चेंडू, साफ केलेलं मैदान. मैदानाच्या कडेनं चर होता. चेंडू चरापलीकडं गेला की न पळता चार मिळायच्या. मोजायला गाडीवान नाही, डेपोचा कारकून. अण्णानं एका दुपारी त्रेचाळीस काढल्या आणि काठी घेऊन घरी आला तेव्हा आईनं तिला कुंकू लावलं.

मी तेव्हा सतरा वर्षांचा असेन. विहिरीवर यसू भेटली. शेजारच्याच वाडीतली, तोंडानं फटकळ. मी म्हटलं, “तुज्या बाबाची काठी आता लहान झाली गे.”

ती घागर भरत म्हणाली, “काठी लहान न्हाई झाली. चेंडू मऊ झाला.”

मला राग यायला पाहिजे होता. राग आला नाही, मला प्रश्न पडला. रात्रंदिवस तोच प्रश्न. वेळूच्या मुळाचा चेंडू अण्णाला खेळता आला असता काय? कातडी चेंडू भिकूला मिळाला असता तर त्यानं किती काढल्या असत्या? शेतात कापलेल्या भाताचे बुडखे असतात, त्यावर चेंडू आपटला की कुठं जाईल सांगता येत नाही. मग त्या शेतातली एक धाव मैदानातल्या किती धावांबरोबर? मी जेवताना विचार करायचो, बैल धुताना विचार करायचो. आई म्हणाली, “ह्याला काय भूत लागलंय?”

आज जोयड्याला चहाच्या दुकानात रेडिओ लागलेला असतो आणि पोरं भांडत असतात. आधीचा मोठा की आताचा मोठा. मला विचारतात, आजोबा तुमी सांगा. मी म्हणतो, ती माणसं बाजूला ठेवा, मोजणारा कोण होता ते आधी सांगा. पोरं हसतात. त्यांना वाटतं म्हाताऱ्याला काय कळतंय.

तर मी ठरवलं, करूनच बघू. अण्णाला भिकूच्या चेंडूवर, भिकूच्या फळीनं, बुडख्यांच्या शेतात उभं करायचं. अण्णा हसला, पण तयार झाला. तो कशालाच नाही म्हणायचा नाही. चेंडू कसा करायचा हे ठाऊक असलेला एकच माणूस उरला होता, सोमा आजा. जन्मभर गाडी हाकलेला, भिकूच्या वेळेला खाचा तोच पाडायचा. त्याच्याकडनं मूळ तासून घेतलं. दगडाला पण इतका भार नसेल. आणि फळी मागायला यसूच्या दारात गेलो.

“फळी देते,” यसू म्हणाली, “पर मी बरोबर येणार. बाबाची फळी मी कुणाच्या हातात एकटी सोडत न्हाई.”

आमच्याच शेतात दुपारी आम्ही चौघं जमलो. दोन बाजूंना गुरं बांधायचे खुंटे ठोकले. चेंडू टाकायला मी, अडवायला यसू, पदर खोचून. आजा बांधावर काठी आणि कोयता घेऊन बसला. मी पहिलाच चेंडू टाकला, तो बुडख्यावर आपटून जमिनीला घासत गेला आणि अण्णाच्या नडगीवर बसला. अण्णा एका पायावर नाचला.

“उशीवाणी लागली काय हो?” यसू ओरडली.

“थांब गे भवाने,” अण्णा म्हणाला. “फळी हाय की दाराची आडणी? उचलताच येत न्हाई.”

दुसरा चुकला, तिसरा चुकला. चौथ्याला फळीची कड लागली आणि टण्ण असा आवाज झाला, दगडावर पहार बसल्यासारखा. अण्णाचे हात झिणझिणले, त्यानं फळी टाकून हात काखेत धरले. मी हे सगळं डोळे फाडून बघत होतो. माझा भाऊ हरतोय याचं वाईट वाटायच्या आधी मला कळत होतं की भिकू हे करत होता, आणि हसत करत होता म्हणे. कसं करत असेल? अण्णाही तेच बघत होता. त्यानं पाय बदलला, वाकून उभा राहिला, फळी जमिनीजवळ ठेवली. पुढचा चेंडू बरोबर मध्ये बसला आणि बांधावरनं उडून करवंदीच्या जाळीत गेला. यसू जाळीत शिरली. अण्णा पळाला, पलीकडच्या खुंट्याला फळी टेकवली, परत आला.

मी आजाकडं बघितलं. अण्णा तिकडं पोचला तेव्हा आजानं डाव्या हाताचा अंगठा तळहातात मुडपला होता. खाच पाडली नव्हती. अण्णा परत आल्यावर त्यानं अंगठा सोडला आणि एक खाच पाडली.

“आजा, दोन झाल्या,” मी म्हटलं.

“एक खेप झाली.”

“खेप कसली? तिकडं एक, हिकडं एक. दोन.”

आजानं माझ्याकडं असं बघितलं, जसा काय मी खुळाच आहे. “गाडी डेपोला गेली म्हंजे खेप झाली काय रे? उतारावर उलटली तर? वाटेत बैल मेला तर? रिकामी गाडी घरला आली, बैल गोठ्यात बांधलं, तवा खेप. जाणं मुडपून ठिवायचं. येणं झालं की खाच.”

“आनि भिकूच्या टायमाला?” अण्णानं विचारलं. तो अजून धापा टाकत होता.

“समद्यांना तसंच. दुसरं कसं मोजत्यात?” आजा म्हणाला. “एकतीस खेपा केल्या त्यानं त्या दिवशी. आनि आवट झाला तवा माजा अंगठा मुडपल्यालाच होता. ती अर्धी अजून माज्याकडंच हाय बग.” आणि त्यानं खरंच अंगठा मुडपून दाखवला.

अण्णा खाली बसला आणि हसायला लागला. “धाकू, कारकून तर जाण्याची एक नि येण्याची एक धरतो! म्हंजे बासष्ट रे! वर अर्धी! आनि आपन त्रेचाळीसला कुंकू लावून बसलाव!” त्याला आनंदच झाला होता, हे मी आज शपथेवर सांगतो. असा माणूस मी परत बघितला नाही. “सांग तिला,” तो म्हणाला. “भांडण तू लावलास, तूच सांग.”

यसू जाळीतनं बाहेर आली. हातांवर ओरखडे, केसांत पाला, ओटीत चेंडू.

“किती झाल्या?” तिनं विचारलं.

माझ्या तोंडात बासष्ट होतं. मी आजाच्या काठीकडं बघितलं आणि म्हटलं, “एक.”

“बाबानं असल्या एकतीस काढल्या,” ती म्हणाली.

मी मान हलवली. खोटं मी बोललो नाही. पण खोट्यापेक्षा ते वाईट होतं. सतरा वर्षांच्या पोराला विहिरीवर हरायचं नव्हतं, बाकी काही कारण नव्हतं. अण्णानं माझ्याकडं बघितलं, तिच्यापुढं काही बोलला नाही. घरी येताना म्हणाला, “शिगम्याला सगळ्यांपुढं मी सांगतो. तवा तुजं तोंड कुठं लपिवतोस बघू.”

शिगम्याला अण्णा नव्हता. पंधरा दिवस आधी त्याला ताप भरला, सहाव्या दिवशी गेला. सोमा आजा त्याच पावसाळ्यात अणशीला लेकीकडं गेला तो तिकडचाच झाला. आता ठाऊक असलेला मी एकटा. आई रोज सकाळी पेज शिजली की त्या काठीपुढं पहिलं पान ठेवायची. मग मी काय सांगणार होतो? आई, तुझ्या नागूची काठी लहान आहे? ज्याला हिंमत असेल त्यानं सांगून बघावं.

दोन वर्षांनी यसूचं नि माझं लग्न झालं. ती माहेरहून एक तांब्या, दोन लुगडी आणि ती काठी घेऊन आली. भिंतीपुढं उभी राहून तिनं विचारलं, “कुठं टांगू?” आई म्हणाली, “वर नागूची हाय. खाली टांग.” यसूनं माझ्याकडं बघितलं. मी बैलाला पाणी दाखवायला गेलो.

आई गेल्यावर सांगता आलं असतं. पण तेव्हा लाज वाटली, की ही विचारेल इतकी वर्षं का नाही बोललात. मग पोरं झाली, मग त्यांची पोरं. पुढं तर मला त्या भांडणाची चटक लागली. भात लावताना, कणंगं खणताना, आजारात उशाशी बसलो तरी तेच. निकाल लागला असता तर आम्ही दोघं काय बोललो असतो? हे कारण मला तेव्हा चांगलं वाटायचं. आता वाटत नाही. दिवाळीला ती दोन्ही काठ्या खाली काढून जळमटं-काजळी पुसायची, आधी बापाची, मग अण्णाची, आणि बापाची परत खालीच लावायची. तिनं नेम कधी मोडला नाही. मोडणारा मी होतो.

एक गोष्ट मला अजून सुटत नाही. करवंदीची ती जाळी बांधापासून वीस पावलांवर. सोमा आजा बहिरट, म्हणून मोठ्यानं बोलणारा. यसूला त्या दिवशी काय ऐकू गेलं असेल? ऐकलं असेल तर मी “एक” म्हटल्यावर ती गप्प कशी राहिली? आणि उजेडात त्या काठ्यांवर तिला काय बघायचं होतं? ऐकलं नसेल तर इतकी वर्षं कशाच्या जोरावर भांडली? मी हे सगळीकडून फिरवून बघितलं आहे. उत्तर तिच्याजवळ होतं. माझं तिला मिळालं नाही, तिचं मला.

सकाळी उजाडलं तेव्हा अंगणात वाडीतली माणसं वेळू तोडून तिरडी बांधत होती. तिला ओटीवर ठेवलं होतं, डोक्याशी पणती. मी स्टूल घेतलं आणि दोन्ही काठ्या खाली काढल्या. तिनं सांगितलं होतं, काढायच्याच होत्या. भिकूची काठी घेऊन तिच्याजवळ बसलो, तिचा उजवा हात उचलून बोट पहिल्या खाचेवर ठेवलं. डाव्या हाताचा अंगठा मुडपला. “गेली,” म्हटलं. अंगठा सोडला. “आली. एक.” मग दुसरी खाच. बाहेर कोयत्यांचे आवाज थांबले. कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी थांबलो नाही.

थोरला पोरगा येऊन शेजारी वाकला. “बाबा, उशीर होतोय. काय मोजतासा?”

“तुज्या आज्याच्या धावा.”

“त्या एकतीस न्हवं? आई रोज म्हणायची.”

“एकतीस खेपा. जाऊन येऊन बासष्ट. मोजायला मी चुकलो, तुजी आई न्हाई. समद्यांना सांग.”

त्याला काही कळलं नसावं, पण तो बसून राहिला. मी एकतीसपर्यंत गेलो. मग उठलो, भिकूची काठी वरच्या खुंटीला लावली आणि अण्णाची खालच्या. अण्णा हसला असता. बाहेरून हाक आली, तेव्हा मी जाऊन तिरडीला पुढच्या बाजूनं खांदा दिला. डाव्या हाताचा अंगठा मी परत मुडपून घेतला होता. वेळू नीट धरता येत नव्हता, पोरगा सारखा म्हणत होता, बाबा, हात उघडा, हात उघडा.